शेंडीवाल्या फॅन्सी कोंबड्यांची पिल्लं: नर कोणता आणि तलंग कोणती, हे टप्प्याटप्प्याने कसं ओळखायचं

पोलिश, सिल्की, हूदां अशी शेंडीवाली पिल्लं आणली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच घरातलं कोणीतरी विचारतं, यातले कोंबडे किती? आणि मग ज्याची शेंडी मोठी ती मादी, ज्याची लहान तो नर, असा हिशोब सुरू होतो. हा हिशोब चुकतो, अगदी अनुभवी लोकांचाही चुकतो. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: शेंडी किती मोठी आहे ते बघू नका, शेंडीतल्या नव्याने आलेल्या एका पिसाचं टोक बघा, आणि ते पीस यायची वेळ होईपर्यंत थांबा. बाकीचा सगळा लेख म्हणजे ते पीस कधी येतं, कुठे शोधायचं आणि त्याच्या जोडीला अजून काय तपासायचं एवढंच आहे.

शब्दांचा एक घोळ आधी मिटवून टाकू. मराठीत आपण लाल मांसल तुऱ्यालाही तुरा म्हणतो आणि डोक्यावरच्या पिसांच्या झुपक्यालाही तुराच म्हणतो, त्यामुळे दोन माणसं बोलत असतात एक आणि समजत असतात दुसरंच. मी इथे पिसांच्या झुपक्याला शेंडी म्हणणार, लाल मांसल भागाला तुरा, चोचीखाली लोंबतात ते लोलक, आणि अजून अंड्यावर न आलेल्या तरुण मादीला तलंग.

आकार का फसवतो

शेंडीचा जीन लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर नसतो, म्हणजे तो नर-मादी दोघांकडेही सारखाच येतो. शिवाय तो अर्धवट प्रभावी आहे, आईबाप दोघांकडून आला तर शेंडी भरगच्च, एकाकडूनच आला तर छोटी. आता विचार करा, तुमच्या पिल्लांच्या आईबापांत कुठेतरी मिश्र रक्त असेल तर छोट्या शेंडीची मादी आणि मोठ्या शेंडीचा नर एकाच घाण्यातून निघणार, आणि तुम्ही आकारावर गेलात की दोन्ही चुकणार.

पोलिशसारख्या जातींत कवटीवर हाडाचा एक उंचवटा असतो, ज्याच्यावर ही शेंडी उभी राहते. एक दिवसाच्या पिल्लाच्या डोक्यावर लवेचा जो गोल फुगा दिसतो तो याच्यामुळेच. चार्ल्स डार्विननेही १८६८ मध्ये या विचित्र कवटीचं वर्णन करून ठेवलंय. हा उंचवटा दोघांनाही असतो. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची, त्या जागी हाड पूर्ण भरलेलं नसतं, मध्ये फटी राहतात, आत थेट मेंदू. त्यामुळे पिल्लू तपासताना अंगठ्याने डोकं दाबायचं नाही, लहान मुलांच्या हातात डोक्याकडून द्यायचं नाही. नर-मादी लवकर ओळखायचं खरं कारणसुद्धा मला हेच वाटतं: वयात आलेले नर तलंगांची शेंडी चोचीत धरून ओढतात, शेंडीची पिसं तुटतात, रक्त येतं, मग बाकीच्या कोंबड्या त्याच जागी टोचतात, आणि त्या जागेखाली नीट हाड नाही.

आत काय चालू असतं

हे समजलं की पुढचं पाठ करावं लागत नाही. कोंबड्यांत नराकडे झेड-झेड आणि मादीकडे झेड-डब्ल्यू अशी गुणसूत्रं असतात. पिसांच्या बाबतीत नराचा टोकदार, लांब, चकचकीत पिसारा हा मूळचा नमुना समजा, आणि मादीच्या अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन त्या पिसाला गोल आणि बोथट करतं. म्हणूनच म्हाताऱ्या कोंबडीचं अंडाशय निकामी झालं तर पुढच्या वेळी पिसं टाकल्यावर ती कोंबड्यासारखी टोकदार पिसं घेऊन येऊ शकते. तुरा आणि लोलक मात्र टेस्टोस्टेरॉनवर वाढतात.

म्हणजे पिसाचं टोक एका हार्मोनची खबर देतं आणि तुरा दुसऱ्या हार्मोनची. दोन वेगळे साक्षीदार. दोघं एकच सांगत असतील तर विश्वास ठेवा, वेगवेगळं सांगत असतील तर अजून दोन आठवडे थांबा.

आणि पिल्लाला लवेनंतर जी पहिली खरी पिसं येतात ती दोघांचीही जवळपास गोल टोकाचीच असतात. ती झडून त्यांच्या जागी पुढची पिसं यायला लागतात तेव्हा फरक उघडा पडतो. चार आठवड्यांच्या पिल्लाची गोल गोंडस शेंडी बघून "ही मादी" म्हणणारे सगळे इथेच फसतात, कारण ती शेंडी बालपणीची आहे, अजून बोललीच नाही.

तयारी

पहिल्या दिवसापासून प्रत्येक पिल्लाच्या पायात वेगळ्या रंगाची किंवा नंबरची रिंग घाला. पाय जाड होत जातो, रिंग घट्ट बसून पायात रुतते, तर दर आठवड्याला बोट फिरवून बघा आणि वेळेवर बदला. मग दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी प्रत्येकाचे तीन फोटो काढा: समोरून, बाजूने, आणि वरून शेंडीचा. दिवसाउजेडी, साध्या पार्श्वभूमीवर. आज एकच फोटो बघून कोणीही ठामपणे सांगू शकत नाही पण सहाव्या, आठव्या आणि दहाव्या आठवड्याचे फोटो शेजारी ठेवले की कुठला तुरा पळतोय आणि कुठला जागच्या जागी आहे ते एका नजरेत दिसतं. एकाच वयाची, एकाच जातीची पिल्लं एकमेकांशी ताडून बघा, पोलिशला सिल्कीशी नाही.

धरायची पद्धत: शेंडीमुळे यांना वरचं आणि बाजूचं कमी दिसतं, अचानक वरून हात आला की घाबरतात. आधी आवाज द्या, मग खालून दोन्ही हातांनी उचला, पंख अंगाशी धरा, छातीशी टेकवा. दोन मिनिटांत शांत होतं.

पहिले तीन आठवडे

खरं सांगायचं तर बहुतेक शेंडीवाल्या जातींत या काळात बघून काहीही कळत नाही. खायला द्या, ऊब द्या, फोटो काढा. अपवाद म्हणजे जिथे रंगावरून लिंग कळतं त्या जाती आणि ते क्रॉस (म्हणजे दोन वेगळ्या रंगांच्या किंवा जातींच्या जोडीची पिल्लं), त्यांच्याबद्दल खाली लिहितो.

पंखांच्या पिसांची लांबी बघून ओळखायची पद्धत खूप जण इथे वापरू पाहतात. ती पद्धत खोटी नाही, पण ती चालते ती मुद्दाम तशा तयार केलेल्या लाइनमध्येच, म्हणजे निवडून जोपासलेल्या वंशातच, जिथे आई हळू पिसं येणारी आणि बाप लवकर पिसं येणारा असतो, मग मुली लवकर पिसं घेतात आणि मुलगे उशिरा. तुमच्या पोलिशच्या आईबापांची अशी जोडी कोणी लावलेली नसेल तर पंख बघून काढलेलं उत्तर म्हणजे नाणं उडवल्यासारखंच आहे. गुदद्वार उघडून बघायची पद्धत जपानमध्ये १९२० च्या दशकात विकसित झाली, त्यात प्रशिक्षित माणसं दिवसाला हजारो पिल्लं तपासतात, पण घरी प्रयत्न करू नका, पिल्लाच्या आतल्या भागाला इजा होते आणि ते मरू शकतं.

चौथा ते आठवा आठवडा: पहिला साक्षीदार तुरा

पोलिश, क्रेव्हकर, सुलतान यांना इंग्रजी व्ही अक्षरासारखा तुरा असतो, दोन छोटी शिंगं. शेंडीच्या पुढची पिसं हळूच मागे सारून नाकपुड्यांच्या वर बघा. नराची शिंगं बुडाशी जाड होत जातात, रंग गुलाबीकडून लालकडे सरकतो, आणि ही वाढ आठवड्या-आठवड्याला दिसते. तलंगेची दोन बारीक टिंबं असतात आणि ती तशीच राहतात. सगळ्या घोळक्यात एखाद्याचा तुरा बाकीच्यांच्या पुढे पळत असेल तर त्याच्या नावापुढे "बहुतेक नर" लिहून ठेवा. पण उलटं करू नका, फिकट तुरा म्हणजे तलंग असं लिहू नका, कारण जंत, उवा, कमी खाणं, आजार यानेही तुरा फिकट पडतो.

दाढीवाल्या लाइनमध्ये अजून एक अडचण आहे. दाढी आणि गालांवरच्या पिसांच्या खाली लोलक फारसे वाढतच नाहीत, त्यामुळे लोलक नाहीत म्हणून मादी समजलेले कितीतरी दाढीवाले पोलिश पुढे आरवलेत. बिनदाढीच्या पिल्लात मात्र लोलक उपयोगी पडतात, नराचे आधी लांबतात आणि आधी लाल होतात.

याच वयात पिल्लं एकमेकांसमोर छाती काढून, मान फुगवून उभी राहतात. हे तलंगाही करतात. त्यावरून काही ठरवू नका. पायांची जाडी आणि ताठ उभं राहणं याला थोडं वजन द्या, पण थोडंच.

आठवा ते चौदावा आठवडा: शेंडी वाचायची वेळ

आता शेंडीत हात घालायचा. पिल्लू मांडीवर घ्या, शेंडीच्या मागच्या भागावर, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला, हलकी फुंकर मारा. पिसं बाजूला होतात आणि मुळाशी मेणबत्तीच्या वातीसारखी नळीत गुंडाळलेली नवी पिसं दिसतात. या नळ्यांमध्ये रक्त असतं, त्या मोडू नका, ओढू नका. जे नवं पीस नळीतून अर्धं बाहेर आलंय ते दोन बोटांत हळूच सरळ धरा आणि त्याचं टोक बघा.

टोक रुंद, गोलसर, चमच्यासारखं असेल तर तलंग. टोक अरुंद होत जाऊन भाल्यासारखं निमुळतं, आणि कडेला जरा चकाकी, तर नर. एक पीस बघून थांबू नका, मागच्या भागातली चार-पाच बघा, कारण बालपणीची जुनी गोल पिसं अजून मध्येमध्ये उरलेली असतात आणि चुकून तेच हातात आलं तर नरही मादी वाटेल. जुनं पीस ओळखायची खूण सोपी आहे: त्याची कड घासलेली, रंग मळलेला, आणि मुळाशी नळी नसते.

आता लांबून बघा. तलंगेची शेंडी सगळीकडून सारखी भरते, पिसं आत वळतात, शेवंतीच्या फुलासारखा घट्ट गोळा दिसतो. नराची शेंडी आधी विस्कटलेली दिसते, मधली काही पिसं ताठ उभी राहतात, मग लांब होऊन कारंज्याच्या पाण्यासारखी मागे आणि बाजूंना पडतात. हा विस्कटलेला काळ फसवाही असतो बरं का. पिसं टाकत असलेली तलंग दोन आठवडे अगदी नरासारखी केस विंचरायचे राहिल्यासारखी दिसते. माझ्याकडच्या एका पांढऱ्या शेंडीच्या काळ्या पोलिशला मी नवव्या आठवड्यात नर म्हणून वहीत लिहिलं होतं, अकराव्या आठवड्यात नवी पिसं बघितली तर सगळी गोल, आणि पुढे तिने अंडीही दिली. तेव्हापासून मी लांबून दिसणाऱ्या आकारावर एकट्यावर कधीच नाव लिहीत नाही.

बारावा ते विसावा आठवडा: पाठ, मान आणि शेपटी

शेंडीवर शंका राहिली तर पाठीकडे वळा, शेपटीच्या आधी पाठीच्या दोन्ही कडांना बघा. तिथे अरुंद, लांब, टोकदार, चकचकीत पिसं खाली ओघळायला लागली असतील तर नर, याच्याइतकी पक्की बाहेरची खूण मला दुसरी माहीत नाही. साधारण बाराव्या आठवड्यापासून बोटाने पिसं उचलून शोधा, वरून दिसायच्या आधी खाली ती तयार असतात. मानेची पिसंही तशीच टोकदार होतात. शेपटीची विळ्यासारखी वाकलेली लांब पिसं सगळ्यात शेवटी येतात.

काळ्या रंगाच्या पिल्लांत नराच्या नव्या पिसांवर हिरवट झाक जास्त दिसते, पण उन्हात बघा, सावलीत सगळीच काळी.

आरवणं ही मोठी खूण आहे, पण वेळ ठरलेली नाही, कोणी आठव्या आठवड्यात घसा साफ केल्यासारखा आवाज काढतो तर कोणी पाच महिने गप्प. घोळक्यात एखादा दांडगा नर असेल तर दबलेला नर बरेचदा आरवतच नाही, म्हणून "आरवत नाही म्हणजे तलंग" हे चालत नाही. क्वचित मादीही आरवते.

नर पक्के झाले की त्यांना तलंगांपासून वेगळं करा, ते पाठलाग करायला लागायची वाट बघू नका.

जातीप्रमाणे फरक

सिल्की सगळ्यात अवघड. तिच्या पिसांत एकमेकांना अडकणारे बारीक हूक नसतात, त्यामुळे पीस पिसासारखं पसरतच नाही, लोकरीसारखं राहतं, आणि वर सांगितलेली पाठीवरची टोकदार पिसांची खूण इथे जवळपास निकामी होते. सिल्कीत दोनच गोष्टींकडे लक्ष द्या. एक, तुरा: समोरून बघा, नराचा तुरा नाकाच्या वर रुंद पसरतो, अक्रोडासारखा खडबडीत होतो, तलंगेचा अरुंद आणि सपाट राहतो. तुऱ्याचा रंग गडद जांभळट असतो कारण कातडीच काळी आहे, म्हणून लाल व्हायची वाट बघू नका, रुंदी बघा. दोन, शेंडीच्या मागे निघणारे लांब तंतू: नराच्या शेंडीतून मागच्या बाजूला काही पिसं लांब लांब निघून लोंबतात, तलंगेची शेंडी पावडर लावायच्या पफसारखी गोल राहते. चार ते सहा महिने द्या, कधी त्याहून जास्त लागतात, आणि एखादी सिल्की अंडं देईपर्यंत उत्तर देत नाही. दोघांनाही पाच बोटं असतात, बोटं मोजून काही उपयोग नाही. हूदां आणि सुलतान यांनाही पाचच.

स्वित्झर्लंडची ऍपेनझेलर श्पिट्झहाउबेन ही जात वेगळी आहे, तिची शेंडी पुढे झुकलेली असते, तिथल्या बायकांच्या पारंपरिक लेसच्या टोपीसारखी. नर-मादी दोघांचीही पुढेच झुकते, म्हणून "मागे पडली तर नर" हा पोलिशचा नियम इथे लावू नका. इथे व्ही तुरा आधी बघा, मग पाठीची पिसं.

उलट्या वळलेल्या पिसांच्या म्हणजे फ्रिझल पिल्लात शेंडीचा आकार वाचताच येत नाही. पीस बोटांत धरून सरळ करा आणि फक्त टोक बघा.

रंगावरून पहिल्या दिवशी कळतं ते कधी

काही रंगांचे जीन झेड गुणसूत्रावर बसतात, नराला ते दोन मिळू शकतात, मादीला एकच. क्रीम लेगबार ही शेंडीवाली जात केंब्रिजला याच तत्त्वावर तयार झाली, तिच्यात शेंडी अरौकाना या जातीकडून आली. तिच्या एक दिवसाच्या मादी पिल्लाच्या पाठीवर खारीसारखे ठळक गडद पट्टे असतात, नर फिकट, पट्टे पुसट, डोक्यावर पांढुरका ठिपका.

घरी जोड्या लावत असाल तर दोन जोड्या लक्षात ठेवा. काळा नर आणि पट्टेदार म्हणजे कुकू मादी: मुलग्यांच्या डोक्यावर पांढुरका ठिपका येतो आणि पुढे पिसांवर पट्टे, मुली काळ्या. सोनेरी नर आणि चंदेरी मादी: मुली सोनेरी, मुलगे चंदेरी, लेसवाल्या म्हणजे पिसाला वेगळ्या रंगाची कड असलेल्या पोलिशमध्ये हे लवेपेक्षा पहिली पिसं आली की स्पष्ट होतं. जोडी उलटी लावली तर हे चालत नाही, आणि पांढऱ्या पक्ष्यात खालचा रंग झाकलेला असतो म्हणून तिथेही नाही. शुद्ध कुकू पिल्लांत नर एकंदर फिकट आणि मादी गडद दिसते, पण त्यासाठी दोन्ही पिल्लं शेजारी हवीत.

जे करू नका

अंड्याचा आकार बघून लिंग कळत नाही, टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो हे खरं नाही. दोऱ्याला अंगठी बांधून पिल्लावर धरायची, पाय धरून उलटं लटकवायचं, यातलं काहीच चालत नाही, आणि उलटं लटकवणं तर या नाजूक डोक्याच्या पिल्लांना त्रास देणं आहे. उबवण्याचं तापमान बदलून नर-मादी ठरवता येत नाही, लिंग अंड्यातच ठरलेलं असतं. आणि फक्त तलंगा मिळतील या भरवशावर पिल्लं घेऊ नका, सहा पिल्लं घेतली तर सगळ्या मादी निघण्याची शक्यता ६४ मध्ये १ आहे. नर निघाले तर त्यांना कुठे ठेवणार हे पिल्लं आणायच्या आधी ठरवा.

थांबायला वेळच नसेल तर

कोणाला पिल्लू देऊन टाकायचं असेल, किंवा जागा एवढी कमी की एकही नर ठेवता येत नाही, तर डीएनए टेस्ट करा. झेड आणि डब्ल्यू या दोन्ही गुणसूत्रांवर सीएचडी नावाचा जीन थोड्या वेगळ्या लांबीचा असतो, टेस्टमध्ये मादीच्या दोन पट्ट्या येतात आणि नराची एक, आणि हे अगदी लहान पिल्लातही कळतं. सॅम्पलसाठी छातीवरची तीन-चार पिसं मुळासकट उपटा, शेंडीतली कधीच नाही. गळून पडलेलं पीस चालणार नाही, मुळाशी ताजा भाग हवा, आणि त्या मुळाला बोट लावू नका. प्रत्येक पिल्लाआधी हात धुवा, पिसं कागदी पाकिटात ठेवा कारण प्लास्टिकमध्ये ओल धरते, आणि पाकीट बंद करायच्या आधी त्यावर रिंगचा नंबर लिहा. नंबर नंतर आठवून लिहू म्हणालात तर एकसारखी दिसणारी पाच काळी पिल्लं समोर असताना कुठलं पाकीट कोणाचं ते सांगता येणार नाही आणि सगळी पिसं पुन्हा उपटावी लागतील.